गोचिडीचा बंदोबस्त गावानेच करायचा

मृगाचा पाऊस पडून सोयाबीन वर आले, की वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात रिठदसारख्या गावात गोठ्यागोठ्यातून एकच तक्रार ऐकू येते. गाय अंग घासते, वासराचे केस उभे राहतात, दूध कमी होते. पाहावे तर कानात, मानेखालच्या पोळीवर, मांडीच्या आत, कासेवर आणि शेपटीच्या बुडाशी गोचिडी चिकटलेल्या असतात. मालक दुकानातून औषध आणतो, एकदा फवारतो. चार-आठ दिवस बरे जातात आणि गोचीड परत येते. मग दुसरे औषध, तेही एकदाच. दिवाळीपर्यंत हा क्रम चालतो आणि पुढच्या पावसाळ्यात तसाच सुरू होतो.

दोष नेहमी औषधाला दिला जातो. औषधातही दोष असतो, त्याबद्दल पुढे येईलच. पण मूळ अडचण वेगळी आहे. आपण गोचीड जनावराच्या अंगावर शोधतो, तर तिच्या कुळाचा फार मोठा भाग कोणत्याही वेळी अंगाबाहेर असतो: गोठ्याच्या भेगांत, कुडात, उकिरड्याच्या कडेला आणि चराईच्या गवतात. ती जागा एका मालकाची नसते. म्हणून गोचिडीचा बंदोबस्त एकट्या गोठ्यात पुरा होत नाही, तो गावाने मिळून करावा लागतो. या प्रश्नाच्या सगळ्या बाजू तपासल्या तरी निष्कर्ष तोच निघतो.

दोन गोचिडी, दोन रीती

गोचीड हा किडा नव्हे, तो कोळ्याच्या कुळातला जीव. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात, पुढच्या दोन्ही अवस्थांत आठ. पिल्लू, मधली अवस्था आणि प्रौढ या तिन्ही टप्प्यांवर तिला रक्त लागते. आपल्याकडे गुरांवर अनेक जाती आढळतात, पण शेतकऱ्याने दोन नीट ओळखल्या तरी पुष्कळ काम होते.

पहिली ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. जुन्या पुस्तकांत तिलाच बूफिलस म्हणत. ही तिन्ही अवस्था एकाच जनावरावर काढते. पिल्लू अंगावर चढल्यापासून मादी रक्ताने टम्म फुगून खाली पडेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. खाली पडलेली मादी आडोसा शोधते, दोन हजारांच्या वर अंडी घालते आणि मरते. ओलावा आणि ऊब मिळाली की काही आठवड्यांत अंडी फुटतात. पिल्ले गवताच्या शेंड्यावर चढून जनावराची वाट पाहतात. ओलसर, सावलीच्या जागी ती उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरतात, कडक उन्हात मात्र लवकर मरतात.

दुसरी हायलोमा अनाटोलिकम. तिच्या तपकिरी पायांवर फिकट कडी दिसतात. ही वाढीच्या काळात अंगावरून उतरते, भिंतीच्या फटीत कात टाकते आणि पुन्हा नव्या जनावरावर चढते. तिचे खरे घर म्हणजे गोठा. दगडमातीची भिंत, तुराट्या-पऱ्हाट्यांचा शेणमातीने लिंपलेला कूड, दावणीच्या लाकडाची फट, हे तिचे लपण. गाय चरायला न सोडता दावणीलाच ठेवली तरी गोचीड का होते, याचे उत्तर इथे आहे.

पहिलीचा मुक्काम गवतात आणि उकिरड्याजवळ, दुसरीचा भिंतीत. फवारा मात्र फक्त गाईवर उडतो.

रक्त, दूध आणि ताप

ऑस्ट्रेलियात होल्स्टिन गाईंवर मोजमाप झाले, त्यात अंगावर फुगणाऱ्या प्रत्येक मादी गोचिडीमागे रोज सुमारे 8.9 मिलिलिटर दूध घटते असे दिसले. आकडा किरकोळ वाटतो. पण अंगावर अशा शंभर माद्या असल्या तर रोजचे जवळजवळ पाऊण ते एक लिटर दूध गेले. आपली गाय, तिचा चारा आणि हवामान वेगळे असल्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण तोट्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार गोचीड आणि तिच्यामुळे होणाऱ्या रोगांपायी भारताचे वर्षाला सुमारे 49.87 कोटी डॉलरचे नुकसान होते. चामड्याला भोके पडून त्याची किंमत उतरते ती वेगळी. चावल्याच्या जखमेत किडे पडतात, तो त्रास वेगळा.

त्याहून मोठे नुकसान रोगांचे. तीन रोग लक्षात ठेवावेत.

थायलेरिओसिस हायलोमा पसरवते. 104 ते 107 अंश फॅरनहाइट ताप, खांद्यापुढच्या गाठी सुजणे, दूध एकदम खाली येणे, पुढे रक्तक्षय आणि धाप. यावर बुपारव्हाक्वोन हे खात्रीचे औषध आहे, पण ते महाग आहे आणि लवकर दिले तरच उपयोगी पडते. गाठ सुजलेली दिसली आणि ताप चढला की त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे. दोन दिवस ताप उतरण्याची वाट पाहणे जनावराच्या जिवावर बेतते.

बबेसिओसिसमध्ये तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची होते. हा मायक्रोप्लस पसरवते, आणि मादीतून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीलाही त्याची लागण होते. म्हणजे आजारी गाय विकून टाकली तरी तिच्या अंगावरून पडलेल्या गोचिडीची पिल्ले रोग घेऊनच जन्मतात. तिसरा ॲनाप्लाझ्मोसिस. त्यात ताप, फिकटपणा, कावीळ आणि बद्धकोष्ठ दिसते, लघवी मात्र लाल होत नाही. तिन्ही रोगांची औषधे वेगवेगळी आहेत, म्हणून अंदाजाने इंजेक्शन देण्यापेक्षा कानाच्या शिरेतले रक्त काचपट्टीवर घेऊन तपासणे केव्हाही बरे. ती तपासणी साधी आहे आणि मालकाने ती आग्रहाने मागितली पाहिजे.

गोचीड रोग पसरवते हे ज्ञान तसे जुने. टेक्सासच्या गुरांच्या तापावर काम करणाऱ्या थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबर्न यांनी 1893 मध्ये ते सिद्ध करून प्रसिद्ध केले. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासात मलेरियाचे जंतू सापडले ते त्यानंतर चार वर्षांनी, 1897 मध्ये. चावणारा जीव एकाचा रोग दुसऱ्याला देतो, हा आधुनिक वैद्यकातला मोठा धडा जगाला प्रथम गाईच्या गोचिडीने दिला.

गावरान आणि संकरित

लाल कंधारी, देवणी, गवळाऊ किंवा साधी गावरान गाय आणि जर्सी-होल्स्टिन रक्ताची गाय एकाच गोठ्यात बांधा. काही आठवड्यांत दुसरीवर गोचिडी स्पष्टपणे जास्त दिसतील. वशिंडाच्या गाईची कातडी हलती आणि केस आखूड, ती अंग चाटून पिल्ले काढते आणि तिच्या शरीराची प्रतिकाराची घडणही वेगळी असते. अमेरिकेत तयार झालेल्या ब्राह्मण जातीमागे भारतातून गेलेल्या ओंगोल, गीर, कांकरेज आणि कृष्णाकाठच्या गुरांचे रक्त आहे. गरम हवा आणि गोचीड सोसण्याचा गुण हे त्यामागचे मोठे कारण होते.

रोगांचेही तसेच. गावरान वासराला लहानपणीच, आईच्या चिकातून मिळालेल्या संरक्षणात, हलकी लागण होऊन जाते आणि पुढे ते बहुधा तग धरते. संकरित गाय, त्यातही बाहेरून नव्याने आणलेली, या लागणीला पहिल्यांदाच सामोरी जाते आणि आडवी होते. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा आता सर्व 19 जिल्ह्यांसाठी आहे. जास्त दुधाची जनावरे वाशीमसारख्या जिल्ह्यात वाढणार असतील, तर गोचिडीचा प्रश्नही त्यांच्या मागोमाग वाढणार, हे गृहीत धरूनच तयारी हवी. गाय विकत घेण्याच्या हिशेबात गोठ्याची डागडुजी आणि वर्षभराच्या गोचीड नियंत्रणाचा खर्च सुरुवातीलाच मांडला पाहिजे.

औषध का हरते

बाजारात मुख्यतः चार तऱ्हेची औषधे मिळतात. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन हा पायरेथ्रॉइड गट. अमिट्राझ हा दुसरा. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन तिसरा. आणि गोचिडीची वाढ रोखणारे फ्लुअझ्युरॉन चौथा.

पहिली चूक इथेच होते. डेल्टामेथ्रिनने गुण आला नाही म्हणून मालक सायपरमेथ्रिन आणतो. बाटली बदलली, कंपनी बदलली, गट मात्र तोच राहिला. भारतातल्या अनेक राज्यांत मायक्रोप्लस गोचीड पायरेथ्रॉइडला दाद देईनाशी झाल्याचे संशोधनात दिसून आले आहे. औषध बदलायचे तर बाटलीवरचे घटकाचे नाव वाचून गट बदलला पाहिजे, तोही डॉक्टरांना विचारून.

दुसरी चूक मात्रेची. औषध पातळ केले की गोचिडी अर्धमेल्या होतात आणि त्यातून टिकलेल्या माद्यांची पिल्ले त्या औषधाला निबर निघतात. उलट जास्त घट्ट केले तर जनावराला विषबाधा होते. लेबलावरचे माप पाळावे आणि पाणी पुरेसे घ्यावे. मोठ्या जनावराचे सगळे अंग, कानाची आतली बाजू, बगला, कास आणि शेपटीखालची जागा भिजली पाहिजे. पाठीवर दोन हात फवारून काम होत नाही.

तिसरी चूक वेळेची. औषधाने अंडी मरत नाहीत. मायक्रोप्लसचा अंगावरचा मुक्काम तीन आठवड्यांचा, म्हणून पुढची फवारणी त्या तीन आठवड्यांच्या आत झाली, तर नव्याने चढलेली पिल्ले माद्या होऊन खाली पडण्याआधीच मरतात. एका फवारणीने दिसणाऱ्या गोचिडी जातात. ठरल्या अंतराने केलेल्या तीन-चार फवारण्यांनी पुढची पिढी जाते.

चौथी चूक सर्वांत धोक्याची: पिकावरचे कीटकनाशक गुरांवर मारणे. कापसा-सोयाबीनवरच्या औषधात वेगळे द्रावक आणि कधी दोन विषांचे मिश्रण असते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, ही आठवण वऱ्हाडात अजून ताजी आहे. तो पंप, ती बाटली गोठ्यात आणू नये. जनावराचे औषध फवारतानाही हातमोजे, तोंडाला फडके आणि वाऱ्याची दिशा पाहणे आवश्यक आहे. फवारलेले जनावर वाळेपर्यंत अंग चाटणार नाही, याकडे लक्ष द्यावे. अमिट्राझ घोड्याला आणि पायरेथ्रॉइड मांजराला घातक आहे.

आयव्हरमेक्टिनबद्दल वेगळे सांगायला हवे. दुभत्या जनावराला ते देऊ नये, त्याचा अंश दुधात उतरतो. शिवाय शेणावाटे बाहेर पडलेला अंश शेणकिड्यांना मारतो. शेण मातीत मिसळणाऱ्या या जीवांची शेताला गरज आहे. प्रत्येक गोचिडीला इंजेक्शन हा उपाय नव्हे.

झाडपाला आणि लस

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसार केलेल्या पारंपरिक पशुवैद्यकातला गोचिडीवरचा एक पाठ असा आहे: लसणाच्या 10 पाकळ्या, कडुनिंबाचा पाला एक मूठ, निंबोळ्या एक मूठ, वेखंड 10 ग्रॅम, हळद 20 ग्रॅम, घाणेरीचा पाला एक मूठ आणि तुळशीचा पाला एक मूठ. सगळे वाटून, लिटरभर पाण्यात मिसळून, गाळून जनावरावर आणि गोठ्याच्या फटींत फवारायचे. कडुनिंब आणि करंजाचे तेलही पुष्कळ जण लावतात. गोचिडी थोड्या असताना, दुभत्या गाईवर आणि दोन रासायनिक फवारण्यांच्या मधल्या काळात हे उपाय चांगले. ते वारंवार करावे लागतात, आणि अंग गोचिडीने भरले असताना त्यांच्यावरच विसंबून राहणे बरोबर नाही. रॉकेल किंवा जळके इंजिन तेल मात्र लावूच नये, त्याने कातडी भाजते.

थायलेरिओसिसवर लस आहे. ‘रक्षाव्हॅक-टी’ या नावाने ती भारतातच तयार होते आणि संकरित गुरांना डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपावी लागते, म्हणून खेड्यात पोचायला अवघड जाते. पण कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी नायट्रोजनची टाकी गावोगाव फिरतेच. त्याच व्यवस्थेतून लसीची गावनिहाय मागणी एकत्र नोंदवली, तर अडचण बरीच कमी होईल.

खुद्द गोचिडीवरची लस ऑस्ट्रेलियात विकसित झाली आणि 1994 मध्ये ‘टिकगार्ड’ नावाने बाजारात आली. क्युबाने ‘गावाक’ ही लस काढली. गोचिडीच्या आतड्यातल्या एका प्रथिनावर त्या बेतलेल्या आहेत. लस टोचलेल्या गाईचे रक्त पिणाऱ्या मादीची अंडी घालण्याची ताकद घटते. त्यामुळे गोचिडी लगेच गळून पडत नाहीत, त्या पिढीगणिक कमी होतात. आपल्या पशुपालकाच्या हाती अशी लस अजून नाही.

जगाचा अनुभव

अमेरिकेने 1906 मध्ये गोचीड निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. दक्षिणेकडच्या राज्यांत ठिकठिकाणी औषधाचे हौद बांधले, भागातले प्रत्येक जनावर ठरल्या दिवशी हौदातून काढायचा कायदा केला आणि जनावरांच्या ने-आणीवर बंधने घातली. लोकांनी विरोध केला, काही हौद सुरुंग लावून उडवले गेले. तरी मोहीम चालू राहिली आणि 1943 पर्यंत गोचीड मेक्सिकोच्या सीमेवरच्या पट्ट्यापर्यंत मागे हटली. त्या पट्ट्यात पहारा आजही आहे. सगळ्या भागाने एकाच वेळी केले म्हणून ते साधले.

आपल्याला तेच करता येणार नाही, आणि करूही नये. उन्हाळा-पावसाळ्याच्या या देशात गोचीड संपूर्ण नाहीशी होणार नाही. शिवाय गावरान वासरांना लहानपणी होणारी हलकी लागण पूर्ण थांबवली, तर मोठेपणी ती जनावरे कच्ची राहतील. आपले उद्दिष्ट नि:पाताचे नव्हे, संख्या सोसण्याजोगी ठेवण्याचे असावे. पण एकाच वेळी, सगळ्यांनी, हा धडा मात्र आपल्याला पुरेपूर लागू आहे.

आपण तो गिरवलाही आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी ही गुरांची साथ राज्यात पसरू लागली. बुलडाणा, अकोला, वाशीम या पट्ट्याने तिचा मोठा मार सोसला. लम्पी प्रामुख्याने चावणाऱ्या माश्या-डासांमुळे पसरते, गोचिडींचाही त्यात वाटा मानला जातो. त्या वेळी गुरांचे बाजार बंद झाले, राज्यभर लसीकरण झाले, गावागावांत ग्रामपंचायतींनी गोठे फवारून घेतले. संकट समोर असताना गाव एका दिवशी कामाला लागते, हे तेव्हा दिसले. गोचीड गाजावाजा न करता नुकसान करते, एवढाच फरक.

माणसाचाही संबंध आहे

गोचीड बोटांनी चिरडायची सवय सोडली पाहिजे. क्रिमियन-काँगो ताप हायलोमा गोचिडीतून आणि बाधित जनावराच्या रक्तातून माणसाला होतो, जनावर मात्र निरोगी दिसते. 2011 मध्ये गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात त्याचे रुग्ण आढळले. 2020 मध्ये गुजरातमधल्या रुग्णांमुळे पालघर जिल्हा प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला होता. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात 2016 पासून दिसलेला माकडताप हाही गोचिडीचाच, पण जंगलातल्या वेगळ्या जातीचा. अकोल्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी 2011 मध्ये गोचीड व तत्सम जीवांपासून होणाऱ्या रिकेट्सिया तापावर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यामुळे हा विषय वऱ्हाडाला परका नाही. गुरांत वावरणाऱ्याला ताप आणि अंगावर पुरळ आले, तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगावे. काढलेल्या गोचिडी साबणाच्या पाण्यात किंवा रॉकेलच्या डब्यात टाकाव्यात, जमिनीवर फेकू नयेत.

रिठदचे वर्ष कसे असावे

अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंतचा काळ सर्वांत मोलाचा. वैशाखाच्या उन्हाने रानातली पिल्ले आधीच मरत असतात, म्हणजे गोचीड तेव्हा सर्वांत दुबळी असते. याच दिवसांत गोठा मोकळा करावा, भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात, चुना द्यावा, कूड जुना झाला असेल तर बदलावा. आगीची काळजी घेऊन दगडी भिंतीच्या फटी फ्लेम गनने भाजता येतात. उकिरडा गोठ्यापासून दूर न्यावा. गावाने हे सगळे एकाच आठवड्यात करावे.

मृगापासून पोळ्यापर्यंत जनावरांवरच्या फवारण्या. तारखा ग्रामसभेत ठरवून दवंडीने आणि मोबाईलवरून कळवाव्यात. शेळ्या, कुत्री आणि ई-क्लास गायरानावर चरणारा सगळा कळप त्यात आला पाहिजे, एकही दावण सुटता कामा नये. खांदेशेकणीला बैलाच्या अंगावरून हात फिरतोच, त्या दिवशी घरातल्या प्रत्येक जनावराची तपासणी व्हावी. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ताप, गाठ आणि लघवीचा रंग यांवर नजर ठेवावी. बाजारातून आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधावे आणि औषध लावल्याशिवाय कळपात सोडू नये.

यासाठी माणसे आहेत. गावातल्या पशुसखी नोंद ठेवू शकतात. पशुवैद्यकीय दवाखाना औषधाचा गट ठरवून देईल. याच तालुक्यातले करड्याचे कृषी विज्ञान केंद्र आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था मार्गदर्शन करू शकतात. तातडीसाठी 1962 हा क्रमांक आहे. उणीव आहे ती एकत्र ठरवण्याची.

रिठदच्या आणि अशा प्रत्येक गावाच्या सरपंचांना, दूध घालणाऱ्या बायाबापड्यांना आणि तरुण पशुपालकांना विनंती आहे की, येत्या उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत हा एक विषय घ्या. दोन तारखा ठरवा, एक गोठे दुरुस्तीची आणि एक पहिल्या फवारणीची. त्या सगळ्यांनी पाळल्या, तर त्याच पावसाळ्यात दुधाच्या मापात फरक दिसेल.